फिरलेलं मत

नाथा दोन मतांनी पडला. पायरपाड्याची मशीन उघडली तेव्हा त्यात छत्रीला एकच मत निघालं. एकच. पण तेवढ्यानं पाड्याचं अन्न गोड लागेना. ते मत कपबशीला पडलं असतं तर दोघं सारखे आले असते, चिठ्ठी टाकावी लागली असती, आणि चिठ्ठीत नाथाचंच नाव निघालं असतं असं आता जो तो छातीठोक सांगत होता.

पायरपाडा पेठकडच्या डोंगरावरचा. वीसपंचवीस घरं, सगळी एकमेकांची सोयरी. नाथा पाड्याचा, सरपंचकीला कपबशीच्या निशाणीवर उभा राहिला. समोर छत्री घेऊन खालच्या गावचा बहिरू. हा बहिरू मुकादम. भात घरात आलं की पिकअपमध्ये माणसं भरायचा आणि सायखेड्याच्या बाजूला द्राक्षाच्या कामाला न्यायचा. पाड्यातली निम्मी माणसं दर साल त्याच्याच गाडीत बसायची. म्हणून नाथानं मतदानाआधी देवळात सगळ्यांना नारळावर हात ठेवायला लावला होता. सगळ्यांनी ठेवला. आणि तरी एक मत फिरलं.

तानुबाई नाथाची थोरली बहीण. पाड्यातच देवरामला दिलेली. निवडणुकीत ती घसा बसेपर्यंत घरोघर फिरली होती. निकालाच्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माणसं तपासायला लागली. पाणवठ्यावर कोण हसलं, कोणी आपल्याला बघून बोलणं थांबवलं, कोणाच्या अंगणात खालच्या गावची मोटरसायकल उभी राहिली. आठवडाभरात संशय फिरत फिरत पुतळाबाईच्या दारात येऊन बसला. पुतळाबाई रांडमुंड बाई, मागं कोणी नाही. लहानपणी तानुबाई तिच्याच खळ्यावर खेळायची, तिच्याच हातचं खायची. मतदानाच्या आदल्या दिवशी बहिरू तिच्याकडं चहा पिताना दोघांनी बघितला होता. तेवढं पुरलं.

"तिच्या खळ्यावर कोणी जायचं नाय," नाथानं सांगून टाकलं. "बघू एकटी किती झोडती ते."

पाड्यात भाताची झोडणी सावडीनं व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुझं झोडायचं, उद्या माझं. पुतळाबाई त्या साली सगळ्यांच्या खळ्यांवर जाऊन आली होती, तानुबाईच्याही. तिच्या खळ्याची पाळी सगळ्यात शेवटी होती. ती पाळी आलीच नाही. तिच्या भाताचे भारे खळ्यावर रचलेले तसेच पडून राहिले.

ज्या सकाळी देवराम आणि तानुबाई द्राक्षाच्या कामाला निघाले, त्या सकाळी पुतळाबाई अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हात पदराखाली.

"तानू, माझं भात पडलंय. आभाळ बघ कसं झालंय. माझा एक दिवस तुमच्या दोघांकडं हाय."

तानुबाई गोधडी आणि भांडी गाठोड्यात बांधत होती. तिनं मान वर केली नाही. दातानं गाठ ओढली.

"आम्हाला गाडी गाठायची हाय."

"परत कधी येशील?"

तानुबाईनं पाठ फिरवली आणि दाराला कडी घातली. देवराम उंबऱ्यापाशी चप्पल घालत होता. एकच चप्पल घालायला त्याला लई वेळ लागला. पुतळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग ती आली तशी गेली.

बहिरूची पिकअप त्याआधी दोन दिवस भरून गेली होती. या वेळी पाड्यातलं कोणी तिच्यात बसलं नव्हतं. नाथा म्हणाला होता, त्याच्या गाडीत बसणारा माझा सोयरा नाही. मग काम कुठं मिळणार, असं तानुबाईनं विचारलं, तर देवराम म्हणाला होता, "सायखेड्याला एक बागायतदार ओळखीचा हाय. गोरक्षनाना. आपण यष्टीनं जाऊ." ओळख कशी आणि कधीची हे तिनं विचारलं नाही. मुलगी मीना आश्रमशाळेत होती, घरी गुरं नव्हती, दोघांनी निघायचं एवढंच.

फाट्यावर यष्टी आली तेव्हा ती आधीच भरलेली होती. देवरामनं गाठोडं मागं कोंबलं आणि तिथंच खिडकीपाशी बसला. तानुबाईला मधल्या बाकड्याची कड मिळाली. समोरच्या दांड्याला ओळीनं हात धरलेले होते आणि सगळ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना शाई होती. कोणाची नखात उतरलेली, कोणाची कातडीबरोबर फिकी पडत चाललेली. तानुबाई एकेक बोट बघत होती. सगळी शाई सारखीच. हा कोणाचा, तो कोणाचा, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं आपलं बोट पदरात घेतलं.

तिच्या मागच्या बाकावर एक माणूस बसला होता. तिशी-पस्तिशीचा, तपकिरी जाकीट, पायात बूट. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीमागं गुलाल राहिला होता. आंघोळ करूनही न निघालेला, वळीत बसलेला गुलाल. म्हणजे हा जिंकणारा. कुठं जिंकला, कोणाकडून जिंकला? तानुबाईला मानेवर त्याची नजर जाणवायला लागली.

"कुठल्या गावच्या, मावशी?" त्यानं पुढं वाकून विचारलं.

तिनं ऐकलं नाही असं केलं.

"कामाला चालल्या वाटतं. बागेत का?"

"हरसूलकडच्या," तिनं तोंडाला येईल ते सांगितलं. मागून देवराम खोकला.

"अस्सं," तो माणूस म्हणाला. "मग इकडून कशा आल्या? तुमच्याकडं कोण बसलं सरपंच?"

"आम्हाला नाय ठावं."

तो हसला. ते हसू तिला आवडलं नाही. गेल्या साली करंजाळीच्या बाजारात तिनं ऐकलं होतं, असाच एक गोड बोलणारा माणूस चार बायका कामाला म्हणून घेऊन गेला आणि त्यांना पार दुसऱ्या जिल्ह्यात गुऱ्हाळावर डांबून ठेवलं. तिनं कनवटीचा मोबाईल चाचपला. देवरामकडं वळून डोळ्यांनी त्या माणसाकडं इशारा केला. देवराम खिडकीबाहेर बघत होता. घाटात झाडं कोरडी होती आणि वर ढग खाली उतरले होते, जसे या दिवसांत कधी उतरू नयेत.

करंजाळीला गाडी थांबली, चार-पाच माणसं उतरली आणि दोन घोळके चढले. दोन्ही एकाच गावचे, हे त्यांच्या न बोलण्यावरूनच कळत होतं. एका घोळक्यातला म्हातारा मधल्या रिकाम्या जागेवर बसायला गेला, शेजारी कोण आहे ते बघितलं आणि परत उभा राहिला.

"बसा की आबा," कंडक्टर म्हणाला.

"मी उभा बरा."

"अहो, नाशिकपर्यंत उभं राहणार का?"

"त्याच्या शेजारी बसण्यापरीस टपावर जाईन."

शेजारचा माणूस ताडकन उठला. "कोणाच्या घरच्यांनी शिट्टी निशाणीच्या नावावर सतरंज्या वाटल्या ते सांगू का इथं? सांगू?"

"सांग! सांग ना!"

गाडीत एकदम गलका झाला. आईबापावरून शिव्या निघाल्या. जाकीटवाला मागं बसून ऐकत होता, आणि तानुबाईला वाटलं, हा मोजतोय. कोण कुठल्या बाजूचा ते मनात लिहून घेतोय. तेवढ्यात टोपलीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी, भागीबाई म्हणून कोणीतरी हाक मारली तिला, सगळ्यांना कोपरानं बाजूला सारून त्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. टोपली मांडीवर ठेवली.

"हां, आता माझी कोंबडी कोणत्या पार्टीची ते ठरवा," ती म्हणाली. "अंडं मात्र कोणाला देणार नाय मी."

लोक हसले. भांडणारे दोघंही गप्प झाले, पण नजरा मवाळ झाल्या नाहीत. तानुबाई हसली नाही. तिला भागीबाईचाही भरवसा वाटेना. अशी हसवणारी माणसंच घरात शिरून चहा पिऊन जातात.

नाशिकला स्टँडवर उतरून दोघांनी वडापाव खाल्ला. सायखेड्याच्या गाडीला वेळ होता. तानुबाई गाठोड्यावर बसून फलाटावरची माणसं बघत होती. इथल्या माणसांना निवडणुकीचं काहीच नव्हतं. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. तरी तिला एकेक तोंड ओळखीचं वाटायचं, आणि पुन्हा बघितलं की अनोळखी.

"तो माणूस आपल्या मागं हाय," ती म्हणाली.

"कोण माणूस?"

"जाकीटवाला. बघ, त्या पाण्याच्या नळापाशी. मघापासून तिथंच उभाय."

देवरामनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "त्याची पण गाडी असल."

"तू त्याला ओळखतोस?"

"मी कशाला ओळखू?" तो उठला. "तंबाखू आणतो."

तो गेला तो नळाच्याच बाजूनं गेला. जाकीटवाल्याच्या जवळून जाताना त्याची चाल मंदावली का? तानुबाईनं डोळे बारीक केले. मधून एक बाई पोरांचं लेंढार घेऊन गेली आणि काही दिसलं नाही. देवराम आला तो तळहातावर तंबाखू चोळत, तिच्याकडं न बघता.

सायखेड्याच्या गाडीत जाकीटवाला चढलाच. या वेळी तो त्यांच्या पुढं बसला. इथली माणसं वेगळी होती. पांढरे स्वच्छ शर्ट, बोटात जाड अंगठ्या, पण बोलणं तेच. कोण कोणाचा पोलिंग एजंट होता, कोणाच्या भावकीनं कोणाला पाडलं, कोण आता सोसायटीत बघून घेणार. त्यांचं बोलणं ऐकताना तानुबाईला पाडाच आठवत होता. फक्त इथं माणसं शिव्या देत नव्हती. हळू आवाजात, हसत हसत बोलत होती. ते जास्त वाईट वाटलं तिला.

चांदोरी आली. गोदावरीचं पात्र दिसायला लागलं. देवराम वरचं गाठोडं काढायला उठला, तेव्हा जाकीटवाला मागं वळून म्हणाला, "देवराम, इथं नाही. पूल ओलांडला की उतरायचं."

देवरामचा हात गाठोड्यावर तसाच राहिला.

तानुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तिनं नाव सांगितलं नव्हतं. त्यानंही गाडीत तोंड उघडलं नव्हतं. गावसुद्धा तिनं खोटं सांगितलं होतं. गाडी पुलावरून चालली होती, खाली पाणी संथ काळं होतं, आणि देवरामच्या कानशिलावरून घाम उतरत होता. थंडीच्या दिवसांत.

"ह्याला तुझं नाव कसं ठावं?"

"मी... नळापाशी सांगितलं असल."

"तू नळापाशी त्याच्याशी बोललास?"

त्यानं गाठोडं खाली ओढलं. पूल संपला. गाडी थांबली.

जाकीटवाल्याचं नाव राकेश. गोरक्षनानांच्या बागेवर तो वरचं काम बघायचा, माणसं आणायची, पोचवायची. उतरल्यावर तो मोकळं बोलायला लागला. त्याच्या स्वतःच्या गावातही निवडणूक झाली होती, मिरवणूक आदल्या दिवशीच निघाली होती, म्हणून कानाला गुलाल. पेठला तो माणसं बघायला गेला होता आणि या दोघांना बरोबर आणायचं त्याला सांगितलेलं होतं. "वहिनी लई बिचकल्या होत्या मला," तो हसून म्हणाला. "हरसूलच्या म्हणे!"

तानुबाईनं पदर डोक्यावर ओढला. कोणी सांगितलं होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारावं लागलंही नाही. बागेच्या तोंडाशी गोरक्षनाना मोटरसायकलवर बसून फोनवर बोलत होते. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा. फोन खिशात टाकून त्यांनी दोघांना वरून खाली बघितलं.

"हेच का ते जोडपं? बहिरू सरपंचानं सांगितलेलं? या, या. देवराम ना तू? बहिरू म्हणाला, आपला माणूस आहे, त्याला काम द्याच. पाड्यातला एकच माणूस इमानदार निघाला म्हणाला." मग राकेशला, "यांना शेड दाखव. उद्यापासून थिनिंगला लाव."

  देवराम शेडकडं चालायला लागला होता, गाठोडं डोक्यावर, मान खाली. ती त्याच्या मागून चालली. आपला माणूस. पाड्यातला एकच. तिचे पाय चालत होते आणि डोक्यात काहीच नव्हतं, नुसतं घोंगावत होतं.

रात्र पडली. शेडमध्ये तीन दगड मांडून तिनं भात शिजवला, त्याला वाढला, आपण खाल्ला, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. देवराम एकदा म्हणाला, "तानू." तिनं श्वास रोखून धरला. 

सकाळी बागेत दव पडलेलं. मांडवाखाली शिरलं की पानांवरचं पाणी मानेत टपकायचं. थिनिंग म्हणजे घडातले दाट मणी कात्रीनं विरळ करायचे. हात सतत वर, मान सतत मागं. घंटाभरात खांद्यात खिळे ठोकल्यासारखं होतं, मग खांदे बधिर होतात आणि बरं वाटतं. तानुबाईची कात्री भराभर चालत होती. चांगले मणीही खाली पडत होते. राकेशनं दोनदा टोकलं.

शेजारच्या प्लॉटवर बहिरूची टोळी होती. खालच्या गावच्या बायका. त्यांनी तानुबाईला बघितलं आणि काम थांबवलं. एकीनं मोठ्यानं म्हटलं, "अगं बघा, कपबशी आमच्या छत्रीखाली आली!"

हसण्याची एक लाट मांडवाखालून सरकत गेली. तानुबाईनं कात्री चालू ठेवली.  ह्या बायकांच्या दारात जाऊन तिनं हात जोडले होते, भावाला मत द्या म्हणून. पलीकडच्या ओळीत देवराम काम करत होता. त्यालाही ऐकू गेलं असणार. तो पानाआड झाला.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या समोर जाऊन बसली. भाकरी सोडली नाही.

"तूच ना?"

देवराम जमिनीवर काडीनं रेघा मारत होता.

"नारळावर हात ठेवला होतास."

"ठेवला."

"माझा भाऊ पडला तुझ्यामुळं."

"तुझा भाऊ." त्यानं काडी मोडली. "औषध मारताना मी ह्याच बाजूला चक्कर येऊन पडलो होतो, आठवतं का? तोंडाला फेस आलेला. बहिरूनं मला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यात दोन दिवस उशाशी बसला. तू नाथाला फोन केलास. काय म्हणाला नाथा? गाडीत पेट्रोल नाय. निवडणुकीला घरोघर फिरायला पेट्रोल मिळालं त्याला."

"मग तसं तोंडावर सांगायचं."

"कोणाला? तुला? तू ऐकलं असतंस?" तो थांबला. "आत जाऊन बटण दाबताना मी लई वेळ उभा राहिलो, तानू. बाहेरून साहेब ओरडला. कपबशीवर बोट ठेवलं होतं मी. मग ते नाय दाबलं."

तानुबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याची दाढी पांढरी व्हायला लागली होती. मान भाजलेली. हा माणूस तिनं बावीस वर्षं बघितला होता आणि गेले पंधरा दिवस ती सगळ्या जगाला संशयानं बघत असताना तो रोज तिच्या पुढ्यात बसून जेवत होता.

"बरं. मत तुझं होतं," ती हळू म्हणाली. "पण पुतळाबाई दारात आली तेव्हा तू चप्पल घालत होतास. तेव्हा का नाय बोललास?"

देवरामनं मारलेल्या रेघा तळहातानं पुसल्या. 

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाथा होता. खुशीत होता.

"ताई, काम मिळालं ना? इकडं आभाळ पार काळं झालंय. पुतळीचे भारे उघड्यावर आहेत. काल ती माझ्या दारात रडत आली होती. मी म्हणालो, तुझ्या सरपंचाकडं जा छत्री मागायला." तो मोठ्यानं हसला. "भिजू दे. सडू दे. पुढच्या वेळी पाड्यात कोणाची हिंमत होणार नाय."

तानुबाईला त्याचं हसू बागेतल्या बायकांच्या हसण्यासारखं ऐकू आलं.

"नाथा, ती नाय," ती म्हणाली.

"काय?"

"पुतळाबाईनं नाय दिलं छत्रीला. आमच्या घरातून गेलं ते मत. तुझ्या दाजींनी दिलं."

फोनमधलं हसू तुटलं. मग नाथा म्हणाला, "दाजीला दे फोन."

तिनं फोन पुढं केला. देवरामनं तो दोन्ही हातांनी धरला, कानाला लावला. पलीकडं काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. देवराम फक्त "हो" म्हणाला. मग थोड्या वेळानं पुन्हा, "हो. मीच." आणि फोन खाली आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताईला सांग, आजपासून तिला माहेर नाय."

तानुबाईनं मान हलवली. फोन कनवटीला खोचला, भाकरीचं फडकं बांधलं आणि उठली.

"चल."

"कुठं?"

"घरी. तिचा एक दिवस आपल्याकडं हाय."

गोरक्षनाना भडकले. आभाळ असं, औषधं मारायची, माणूस मिळेना, आणि आल्या दुसऱ्या दिवशी जोडपं परत चाललं. "बहिरूच्या शब्दावर ठेवलं तुम्हाला. गेलात तर पुन्हा या बाजूला फिरकू नका," ते म्हणाले. राकेश मध्ये पडायला बघत होता, पण नानांनी त्याला हातानं थांबवलं. देवराम काहीतरी समजावून सांगायला लागला. तानुबाई तोवर रस्त्याला लागली होती.

परतीच्या गाडीत दोघं एका बाकावर बसले, मध्ये गाठोडं. कोण चढतंय, कोण उतरतंय, तिनं बघितलं नाही. गाडीत कोणीतरी अजून मतांचा हिशेब मांडत होतं. करंजाळीच्या पुढं काचेवर एक थेंब पडला, मग थांबला. पाड्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. नाथाच्या घराचं दार उघडं होतं. ते दोघं दिसल्यावर कोणीतरी ते आतून लोटलं.

उजाडताच ते पुतळाबाईच्या खळ्यावर गेले. ती आधीच तिथं होती. एकटीच पेंढी उचलून लाकडी ओंडक्यावर आपटत होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही कोपरं सोललेली. तिनं दोघांना बघितलं, पेंढी आपटायची थांबली नाही.

"कोणी पाठवलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाय," तानुबाई म्हणाली.

"मग? काय बघायला आलात?"

देवराम पुढं झाला. अख्ख्या वाटेत जो शब्द त्यानं तोंडात घोळवला होता तो आता बाहेर पडला. "पुतळावहिनी, ते मत माझं होतं. मी दिलं छत्रीला. तुझ्यावर आलं, मी गप राहिलो."

पुतळाबाईनं हातातली पेंढी बाजूला टाकली. तिचे दाणे झडले होते. दुसरी उचलली.

"मी कपबशीला दिलं होतं," ती म्हणाली. "कोणी विचारलंच नाय."

 देवरामनं भारे सोडायला सुरुवात केली. तिघं ओंडक्याभोवती उभे राहिले आणि पेंढ्या आपटायला लागले. धप्, धप्. भाताची कुसं उडून घामाला चिकटत होती. अंगाला खाज सुटली होती. दुपार झाली तरी ऊन पडलं नाही. वरच्या बांधावरून पाड्यातली माणसं जाता-येता थांबत होती, बघत होती, कुजबुजत होती. नाथाची बायको डोक्यावर हंडा घेऊन बराच वेळ उभी राहिली. खाली उतरलं मात्र कोणी नाही. तानुबाईचे खांदे बागेतल्या कामानं आधीच आंबलेले, आता ते हलेनासे झाले. तरी ती थांबली नाही. तिला वाटत होतं, पुतळाबाई कधीतरी म्हणेल, बस जरा. ती म्हणाली नाही.

दुपार कलली तेव्हा शेवटचा भारा संपला. पाऊस टपटप सुरू झाला होता. देवरामनं पाठीवर पोती वाहून आत कणगीपाशी टाकली. तो शेवटचं पोतं टाकून बाहेर आला तेव्हा पुतळाबाई तांब्या भरून उभी होती. तिनं तो देवरामच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला.

तानुबाई पेंढ्यापाशी उभी होती. घसा सुकला होता. तिनं हात किंचित पुढं केला. पुतळाबाईनं रिकामा तांब्या परत घेतला आणि उंबऱ्यावर पालथा ठेवला.

"पुतळाबाई, मी पण..." तानुबाई म्हणाली.

"ह्यानं मत फिरवलं," पुतळाबाई शांतपणे म्हणाली. "ते मशीनपुढं फिरवलं, त्याचं मला काय? तू माझ्याच खळ्यावरचं खाऊन वाढलेली. तू तोंड फिरवलंस."

ती आत गेली. देवराम ओल्या अंगणात उभा राहून बायकोकडं बघत होता. चल म्हणावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. तानुबाईनं भिंतीला टेकवलेली केरसुणी उचलली. खळ्याच्या कडेला, पेंढ्याखाली, दगडांच्या फटीत भाताचे दाणे सांडले होते. ती वाकली आणि एका टोकापासून ते गोळा करत आली. पाऊस वाढला, शेणानं सारवलेली जमीन निसरडी झाली, दाणे चिखलात बसायला लागले. मग तिनं केरसुणी टाकली आणि बोटांनी वेचायला लागली. थोड्या वेळानं देवराम येऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला. पुतळाबाईच्या घरातून धूर निघाला. दार उघडंच होतं, पण आतून कोणी पुरे म्हणालं नाही.